वीस सेकंदांत पूर्ण नाव

धनूचं वजन मी कोणाला सांगत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी कार्डावर आकडा लिहिला की कार्डाची घडी पर्समध्ये जाते, आणि कोणी विचारलंच तर "बरं आहे" एवढंच म्हणते. मी बी.कॉम. आहे, कॉलेजात अंधश्रद्धेवर निबंध लिहून बक्षीससुद्धा घेतलंय. पण धनू सहा महिन्यांची असताना मी शेजारणीला हौसेनं म्हणाले होते की दोन महिने झाले, हिला साधी सर्दी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे तीन ताप. तेव्हापासून चांगली गोष्ट तोंडातून बाहेर काढायची नाही, हा माझा नियम. असा नियम पाळणाऱ्या बाईला केरामावशींचं दुखणं पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. ते कळायला चार दिवस लागले, याची मला अजून लाज वाटते.

मी सोलापूरजवळ, कुंभारीच्या पुढं एका कंपनीत काम करते. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमच्या कंपनीत पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, मागं शेड, शेडमध्ये बोकड तोलायचा काटा आणि दारासमोर कडुलिंब. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या दोनशे चाळीस बायका या कंपनीच्या मालकीण आहेत, आणि त्यांच्यातल्या पाच जणी डायरेक्टर. पाचाखाली आकडा जाऊ द्यायचा नाही, असा कायदा आहे.

त्या पाचांतल्या एक केराबाई बिरुदेव वाघमोडे. वाघमोडे मूळचे नातेपुत्याकडचे, वीसेक वर्षं झाली इकडं माळावर वस्ती करून. पूर्वी व्यापारी वस्तीवर यायचा, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मनाला येईल तो भाव सांगायचा. काटा आणायचा हट्ट केरामावशींचा. गंमत अशी की त्यांना स्वतःला काटा लागतच नाही. करडू दोन हातांवर उचलतात, डोळे मिटतात आणि वजन सांगतात. मग काटा तेच दाखवतो, फार तर पाव किलो इकडंतिकडं. मग काटा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "व्यापाऱ्याचा माज्यावर इस्वास न्हाय की," त्या म्हणाल्या, "काट्यावर हाय."

मला इथं नोकरी लागली तीही त्यांच्यामुळं. मुलाखतीला आले तेव्हा धनू पाच महिन्यांची होती. बाहेर कडुलिंबाखाली गुरु तिला घेऊन उभा होता. गुरु म्हणजे माझा नवरा. मी त्याला सरळ नावानं हाक मारते, माझ्या सासूबाईंना ते अजून टोचतं. आत पाचही जणी सतरंजीवर बसलेल्या. अध्यक्ष वैजयंतीताई माहेरच्या बार्शीच्या, बी.ए. झालेल्या, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. त्यांनी विचारलं, मूल एवढं लहान, तुम्ही येणार कशा? मी घरून उत्तर पाठ करून आले होते. पण तेवढ्यात धनू बाहेर रडायला लागली आणि माझा ब्लाउज ओला झाला. मी फाइल छातीशी धरली. कोणाच्या लक्षात आलं नाही, केरामावशींच्या आलं.

"आदी पोरीला पाजून ये जा," त्या म्हणाल्या. "पान्हा आलेली शेळीबी सवाल-जवाब करत न्हाय."

मी परत आत गेले तोवर ठरून गेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात रुजू झाले तर ऑफिसच्या कोपऱ्यात वाशाला झोळी बांधलेली. धनू त्या झोळीत वाढली. आमच्या घरी अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, हे मुळीच पसंत नव्हतं. शेळ्यांचा वास, लेंड्या, माश्या. त्यांचं खोटं नव्हतं. मीही दिवसातून दहा वेळा धनूचे हात पुसायची. पण केरामावशी रोज सकाळी आल्या की आधी धनूला दोन हातांवर उचलायच्या, डोळे मिटायच्या आणि ओठ हलणार तेवढ्यात मी म्हणायची, "मावशी, नको." मग त्या डोळे उघडून एवढंच म्हणायच्या, "बरं हाय." नको का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येते. माणूस कंपनीचा डायरेक्टर झाला की सरकार त्याला एक नंबर देतं आणि मग दर वर्षी विचारतं, हा नंबर ज्याचा तो तूच ना? तीस सप्टेंबरच्या आत उत्तर दिलं नाही तर नंबर बंद. नंबर बंद म्हणजे दंड, आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत सही नाही की काही नाही. आमच्या पाचही जणींची ही पहिलीच वेळ, म्हणून मोठा फॉर्म. त्याला ज्याचा-त्याचा मोबाइल, ज्याचा-त्याचा ईमेल आणि कॉम्प्युटरवरची सही लागते. त्या सहीसाठी एक व्हिडिओ द्यावा लागतो: समोर चेहरा, हातात पॅन कार्ड आणि स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडून. वीस सेकंद. एकविसाव्याला फोन आपोआप थांबतो. सोलापुरात आमचे सीए आहेत, तिप्पण्णा सर, त्यांनी मला हे सगळं दोनदा समजावलं होतं.

चौघींचं काम एका दुपारी उरकलं. केरामावशींचं मी शेवटी ठेवलं. एकतर त्या आठवड्यात धनूचा कान फुटला होता आणि माझं डोकं जागेवर नव्हतं. दुसरं म्हणजे, त्यांची मला काळजीच वाटली नाही. दोनशे चाळीस बायकांत त्यांना कोण ओळखत नाही?

तेवीस तारखेला मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, कार्ड हनुवटीखाली धरलं आणि म्हणाल्या, "केराबाई." मग थांबल्या. मी मानेनं खुणावलं, पुढं. "वाघमोडे," त्या म्हणाल्या. मी बोट फिरवून मधलं, मधलं असं सांगत राहिले. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, फोन थांबला. संध्याकाळी निरोप आला: नाव कार्डाप्रमाणे नाही.

आपल्याकडं लग्न झालेल्या बाईचं मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव. आणि केरामावशी ते चाळीस वर्षं सरळ घेत नाहीत. त्यात नवऱ्याचं नाव देवाचंच, त्यामुळं देवाचंही घेता येत नाही. बिरुदेवाच्या जत्रेला जायचं असलं की त्या "थोरल्या देवाला जायचंय" म्हणतात. हे मला माहीत होतं. मला ते गोड वाटायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, उखाण्यात घेते. मला हायसं वाटलं. मी फोन धरला आणि त्यांनी हळदी-कुंकवातला चांगला लांबलचक उखाणा सुरू केला. मंगळवेढ्याची ज्वारी झाली, अकलूजचा ऊस झाला, सांगोल्याची डाळिंबं निघाली आणि फोननं बीप दिला. नाव अजून पुढच्या बाजारात होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की झोळीतली धनू उठली. मी तोच व्हिडिओ पाठवला, म्हटलं चालून जाईल. चालला नाही.

तिसरी वेळ पंचवीस तारखेची. त्या दिवशी मी घाईत होते, धनूला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही नका घेऊ, नाव मी घेते, तुम्ही फक्त व्हय म्हणा. फोनच्या मागून मी स्पष्ट म्हणाले, "केराबाई बिरुदेव वाघमोडे." त्यांनी कार्डाची कड चाचपली. मग हळूच, "व्हय." धनूला भूक लागली, धनूला झोप आलीय, धनूला ते आवडत नाही, असं दिवसभर दुसऱ्याच्या वतीनं बोलायची मला सवय लागली होती. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी ठीक आहे. निरोप आला: व्हिडिओत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. तीनदा नापास झाल्यामुळं अर्ज बंद, नवीन अर्ज करावा.

सव्वीसला सकाळी वैजयंतीताईंचा फोन.

"चंद्रिका, बाकीच्या चौघी वीस सेकंदांत झाल्या. यांचं काय एवढं? नातवंडं झाली, आता नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज?"

मी म्हटलं, नवीन अर्ज टाकलाय, उद्या एकदा बघते.

"बघ. नाहीतर एकोणतीसला मीटिंग लावलीय, त्यात त्यांचा राजीनामा घेऊ आणि आमच्या सोनालीला बसवू. बारावी झालीय, फोन चालवते, नवऱ्याला नावानंच शिव्या घालते. काही अडायचं नाही."

सोनाली त्यांची सून. ताईंच्या बोलण्यात खोट नव्हती. कंपनी अडकायला नको, एवढंच त्यांना दिसत होतं. पण ज्या बाईनं काटा आणला तिला काट्यासमोरून उठवायचं, आणि तो राजीनामा टाइप करायचा मी.

केरामावशी त्या दिवशी आल्याच नाहीत. मी धनूला पाठीशी बांधून माळावर वस्तीकडं गेले. बिरुदेवमामा बाजेवर पडलेले होते, पायथ्याशी कुत्रं. आदल्या दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला होता. कुंभारीच्या डॉक्टरांनी तपासून पित्त सांगितलं, गोळी दिली. मामा हसून म्हणाले, "काय न्हाय, भजी खाल्ली हुती." केरामावशी मात्र हसल्या नाहीत. मला हाताला धरून वाड्याच्या कडेला नेलं, जिथं करडं कोंडतात तिथं.

"काडा माजं नाव," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, का.

"काल तू नाव घेटलंस आन म्या हुंकार भरला. चार वाजता त्यास्नी घाम फुटला."

मी पित्ताचं बोलू लागले. त्यांनी हातानं थांबवलं आणि मे महिन्यातलं सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. म्हणजे मामा नऊ दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होते हे माहीत होतं, आतलं नाही. मामांच्या छातीत दुखायला लागल्यावर त्या एकट्या त्यांना घेऊन गेल्या होत्या. खिडकीतली पोरगी विचारत होती, पेशंटचं नाव काय. मावशींनी सांगितलं, धनी. पोरगी म्हणाली, आजी, नाव. मागं रांग होती. लोक ओरडत होते. पोरगी म्हणाली, नाव सांगत नाही तोवर आत घेता येणार नाही.

"मग घेटलं. सरळ. उखाणा न्हाय, काय न्हाय, वाण्याकडं मीठ मागावं तसं," त्या म्हणाल्या. "आन सकाळी पुन्यांदा झटका आला. डाक्टर म्हनला, आता देवाच्या हातात. देवाचं नावबी त्येच की गं. म्या कुणाच्या नावानं नवस बोलू?"

त्यांनी एक करडू उचललं, उगाच, आणि खाली ठेवलं.

"खुर्ची तुमी कुनालाबी द्या. मला मानूस पायजे."

हृदयाच्या शिरा, दुसरा झटका पहिल्यानंतर का येतो, हे मला सांगता आलं असतं. पण माझ्या पर्समध्ये घडी घातलेलं कार्ड होतं. पाठीवरची धनू माझ्या केसांशी खेळत होती, तिचा कान त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा होता, आणि तेही मी त्यांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्याला भाबडं म्हणायला मी कुठल्या तोंडानं जाणार?

घरी आले तर अत्ती भाकरीसाठी पीठ मळत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "एनाय्तु?" काय झालं म्हणून. आमच्या घरी मोठ्यांचं आपसात कानडी, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, बरं झालं, सुटलीस त्या शेळ्यांतून. पण त्यांचे हात परातीत थांबले.

"हुच्ची," त्या म्हणाल्या. वेडी. "खिडकीवर कोण नाव घेतंय? तुला काय कळणार, तू दिवसभर गुरु गुरु करून घर डोक्यावर घेतीस."

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. माझ्या सासऱ्यांचं नाव बसलिंगप्पा. अत्तींच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या नंदीकडं, म्हणजे कानडीतल्या बसवाकडं, बोट केलं आणि मग गळ्यातलं लिंग दाखवलं. साहेब अक्कलकोटकडचा निघाला, हसत बरोबर लिहून घेतलं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी विचारलं, मग आता केरामावशींनी काय करायचं, कॅमेऱ्याला नंदी कळत नाही.

अत्तींनी थोडा विचार केला. "लग्न होऊन आले तेव्हा नणंदांनी दार अडवलं," त्या म्हणाल्या. "नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तेव्हा घेतलेलं नाव लागत नाही बघ. उलट आयुष्य वाढतंय. मागणारा आपला पाहिजे, आणि दार अडवलेलं पाहिजे. उद्या मी येते."

ज्या शेडला दीड वर्ष नावं ठेवली तिथं अत्ती सत्तावीस तारखेला सकाळी नऊवारी नेसून, नाकाला पदर लावून, रिक्षातून उतरल्या. त्यांनीच मला आधी वस्तीवर पाठवून केरामावशींना आणि मामांना बोलावून घ्यायला लावलं होतं. मामा आले पाहिजेत, ते समोर धडधाकट दिसले पाहिजेत, ही त्यांची अट. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मला वाटलं ओळख करून द्यावी लागेल. पण दहा मिनिटांत दोघी सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि कोणाच्या नणंदेनं किती छळलं याचा हिशेब चालू होता. दार अडवायचं म्हटल्यावर केरामावशी लाजल्या. मग म्हणाल्या, "दारात घेटलेलं चालतंय. माजी आयबी म्हनायची."

मी मधेच वीस सेकंदांचं सांगितलं. उखाणा दोनच ओळींचा हवा. केरामावशींनी वर पत्र्याकडं बघत बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले. दोन ओळी जुळल्या, त्यांनी अत्तींच्या कानात सांगितल्या. अत्तींनी मान डोलावली. मला कोणी सांगितल्या नाहीत.

आता अडचण आवाजाची. माझा आवाज नको, अत्तींचा नको, आणि धनूचा तर नकोच, ती त्या दिवसांत कोंबडीसारखी अखंड बोलायची. तिला कोणाकडं द्यायचं? बाहेर कडुलिंबाखाली मामा बसले होते. मे महिन्यात झटका आलेला माणूस, परवा घाम फुटलेला, समोर शिंगाची जनावरं. मी उंबऱ्यात धनूला घट्ट धरून उभी राहिले. मामांनी हात पुढं केले.

"आन हिकडं. चाळीस सालं ही मला आवं म्हनतीया," ते म्हणाले. "कुत्र्याला नाव हाय, मला न्हाय. आज मिळतंय तर मदी येऊ नगंस."

मी धनू त्यांच्याकडं दिली. ते तिला घेऊन करडांकडं गेले, आणि जाताना नीट आमच्याकडं पाठ केली, बायकोला अवघडायला नको म्हणून. मी त्यांच्या खांद्यावरून दिसणारं धनूचं डोकं बघत राहिले, मग डोळे वळवले.

केरामावशी दाराबाहेर उभ्या राहिल्या, हातात कार्ड. अत्ती उंबऱ्यावर आतून दोन्ही हात चौकटीला लावून. बोलायचं नाही, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या: घे की. मी त्यांच्या काखेखालून फोन बाहेर काढला आणि ओढणीचं टोक दातांत धरलं. सेकंद मोजणारा आकडा पडद्यावर पळायला लागला. एक. दोन. तीन. केरामावशी अत्तींच्या तोंडाकडं बघत होत्या. पाच. सहा. शेडमागून मामांच्या हसण्याचा आवाज आला, मोठा, खणखणीत. केरामावशींनी तो ऐकला. मग त्यांनी थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"कपाळी भंडारा, हातात काठी,
बिरुदेवाचं नाव घेते धनूच्या आयसाठी.
म्या केराबाई बिरुदेव वाघमोडे."

सतरा सेकंद. अत्तींनी हात खाली घेतले आणि केरामावशी उंबरा ओलांडून आत आल्या, नव्या नवरीसारखा उजवा पाय पुढं टाकून. मी ओढणी दातांतून काढली तेव्हा ती ओली झाली होती.

नंतर मला कळलं की अत्तींच्या कानात सांगितलेली ओळ "कंपनीसाठी" अशी होती. शेवटचा शब्द त्यांनी उभ्या-उभ्या बदलला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निरोप आला की व्हिडिओ मंजूर. तिकडं दूर कुठल्या तरी शहरात ज्यानं तो बघितला त्याला मराठी येत होतं की नाही, त्याला काय वाटलं, मला माहीत नाही. त्याच्यासाठीही मी देवापुढं दिवा लावला. दुपारी तिप्पण्णा सरांकडून फॉर्म गेला. केरामावशींच्या स्वतःच्या फोनवर सहा आकडे आले, ते त्यांनी एकेक करून मला वाचून दाखवले. आकडे त्यांना येतात, काट्यामुळं.

एकोणतीसच्या मीटिंगला पाचही जणी आल्या. राजीनाम्याचा विषय निघालाच नाही. वैजयंतीताईंनी चहा येईपर्यंत धीर धरला, मग म्हणाल्या, "केराबाई, आम्हाला पण ऐकवा की तो उखाणा."

"सरकारनं मागितला तर घेते," केरामावशी म्हणाल्या. "तुमचं दार न्हाय."

ताई हसल्या, आणि स्वतःच्या हातानं त्यांना चहाचा कप दिला. दोन वर्षांनी ती सही नवी करावी लागते आणि तेव्हा पुन्हा व्हिडिओ, हे मी अजून केरामावशींना सांगितलेलं नाही. अत्तींना सांगितलंय. त्या म्हणाल्या, येईन.

पण त्या मीटिंगपर्यंतचे दोन दिवस मी मामांवरून नजर हलवली नव्हती. काही ना काही निमित्त काढून दोनदा वस्तीवर गेले. पहिल्या दिवशी ते मेंढरांमागं गेलेले, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला अंघोळ घालत होते. केरामावशीही माझ्यासारख्याच बघत होत्या, चुलीपाशी बसून, लक्ष नसल्यासारखं दाखवत. आमची नजरानजर झाली.

मीटिंग संपल्यावर बाकीच्या गेल्या. केरामावशींनी झोळीतून धनूला उचललं, नेहमीसारखं दोन हातांवर, आणि डोळे मिटले. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बोलले.

"किती भरतंय, मावशी?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. परत मिटले. धनूला जरा खालीवर केलं.

"साडेनऊ. न्हाय, पावशेर कमीच. कान दुकत हुता न्हवं, त्यात उतरली आसंल. भरंल."

मी पर्समधून कार्ड काढलं, घडी उलगडली. नऊ किलो चारशे. मी ते मोठ्यानं वाचलं. केरामावशींनी धनूच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, दहाही.

"आता सांग कुनालाबी," त्या म्हणाल्या.